परक्या बोलीतला भोंगा

“हा पेशंट डाव्या पायावर भार का टाकत नाही?” शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

प्रश्न भोंग्याला होता. म्हातारा बस ड्रायव्हर वॉकर धरून खाटेपाशी उभा होता, डावा पाय चटका बसल्यासारखा अधांतरी. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होऊन ते नीट बसलंही होतं. आता चालायला लागायचं होतं, आणि चालायला लावायचं काम फिजिओथेरपी शिकणाऱ्या या पोरींचं. भोंग्याला उत्तर ठाऊक होतं. मराठीत तर तिनं ते घडाघडा सांगितलं असतं. पण इथल्या भाषेत आणायला गेलं की शब्द दारातच अडायचे. आताही अडले.

“त्यांना दुखण्याची भीती वाटते, बाई,” शेजारच्या खाटेपाशी उभ्या असलेल्या, वरच्या वर्षातल्या ताईनं सांगून टाकलं.

“मी तुला विचारलं नव्हतं,” बाई म्हणाल्या आणि भोंग्याकडे वळल्या. “हात चांगले आहेत तुझे. पण नुसत्या हातांनी माणूस उभा राहत नाही. वर्षाच्या शेवटी प्रात्यक्षिक आहे, तिथे शेजारी कोणी नसेल. तेव्हाही तू अशीच उभी राहिलीस, तर तुला परत पाठवण्यावाचून माझा इलाज नाही.”

म्हातारा खाटेवर बसत कुरकुरला, “मला बोलणारी द्या कुणीतरी. ही मुकी आहे का?”

तो शब्द भोंग्याला नवा नव्हता. तिचे आईवडील दोघंही जन्मापासून ऐकू न येणारे, बोलू न शकणारे. बाप कारखान्यात लेथ चालवायचा. तिथल्या खडखडाटात तोच एक सुखी, असं सगळे कामगार म्हणत. आई घरी शिवणकाम करायची. दोघांचं बोलणं हातांचं, आणि लेकही बोलायच्या आधी हातवारेच शिकली. पण एकदा तोंड फुटलं आणि तिनं तिघांचं बोलणं आपल्या अंगावर घेतलं. दूधवाला, शाळेच्या मॅडम, लाइट गेल्यावर वायरमन, सगळ्यांशी तीच बोलायची, तेही खणखणीत. गल्लीत कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचं. म्हणून गल्लीनं नाव ठेवलं भोंगा, आणि तिनंही ते पदकासारखं मिरवलं.

असा हा भोंगा परदेशात शिकायला आला आणि विमानातून उतरल्या उतरल्या बंद पडला.

खोलीतली ताई तिच्या एक वर्ष पुढे, आपल्याच बाजूची, जिवाला जीव देणारी. तिनं पहिल्या दिवसापासून भोंग्याला पंखाखाली घेतलं. दुकानात ताई बोलायची, घरमालकिणीशी ताई बोलायची, कॉलेजच्या ऑफिसात ताई बोलायची. भोंगा शेजारी पिशवी धरून हसऱ्या चेहऱ्यानं उभी. “तू नको गं जीव काढून घेऊस, मी आहे ना,” असं ताई म्हणायची, आणि भोंग्याला खरोखरच हायसं वाटायचं. सवय काय, सुखाची लवकर लागते.

मग दाढ दुखायला लागली.

ताई तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. भोंगा खुर्चीत आडवी, तोंड आ वासलेलं, तोंडात लाळ ओढणारी नळी. डॉक्टरनं दाढेवर टकटक केलं आणि मान वर करून ताईला विचारलं, “हिला कधीपासून दुखतंय?”

“दोन-तीन दिवस झाले,” ताई म्हणाली.

चांगला पंधरवडा झाला होता.

“गार लागतं का हिला?”

“हो, गारच.”

गार नव्हे, गरम लागत होतं. भोंगा छताच्या दिव्याकडे बघत पडली होती. तिच्या डोक्यावरून दोन माणसं तिच्या दाढेबद्दल बोलत होती. आणि एकदम तिला बाप दिसला. गल्लीतल्या दवाखान्यात स्टुलावर बसलेला, शर्टाची बटणं सोडलेला. डॉक्टर त्याच्या छातीला नळी लावून बघायचे लेकीकडे, विचारायचे लेकीला. लेकही बापाकडे न बघताच फाडफाड उत्तरं द्यायची. आणि बाप? बाप खिडकीतून बाहेर रस्ता बघत बसायचा. त्याला काय वाटत असेल, हे तिला आज या खुर्चीत आडवं पडल्यावर कळलं.

तिनं तोंडातली नळी उपसून काढली. लाळ हनुवटीवर आली.

“दाढ माझी,” ती त्या परक्या भाषेत म्हणाली. “मला विचारा.”

डॉक्टरची भुवई वर गेली. ताईचा चेहरा उतरला. डॉक्टरनं खुर्ची सरळ केली, तो भोंग्याच्या समोर बसला आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागला. बाहेरची माणसं खोळंबली. ‘पंधरवडा’ला शब्द सापडेना तेव्हा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. ‘गरम’साठी तर फुंकर मारून दाखवली. पण दाढेचं दुखणं तिनं स्वतः सांगितलं.

घरी येताना वळणावर ताईला राहवलं नाही. “चारचौघांत अपमान केलास माझा. मी तुझ्यासाठी एवढं करते ते काय वाईट व्हावं म्हणून?”

“नाही गं ताई. तू होतीस म्हणून तर मी इथे टिकले.”

“मग?”

“आता मी अडले तरी तू बोलू नकोस. मी लटकले तर लटकू दे.”

“आणि आपटलीस तर?”

“तर उठव. पण माझ्या वतीनं पडू नकोस.”

ताईला त्या रागातही हसू आलं. “तोंड उघडलंस ते असं!” ती म्हणाली.

त्यानंतर भोंग्यानं जी फजिती करून घेतली ती सांगावी तेवढी थोडी. नळाला पाणी नाही, हे सांगायला ती घरमालकिणीकडे गेली आणि ‘पाणी मेलं’ असं सांगून आली. मालकीण पोट धरून हसली, आणि मग स्वतःच प्रत्येक वेळी ‘आज पाणी मेलंय हं’ म्हणायला लागली. बसमध्ये भोंगा शेजारच्या माणसाशी बोलायची. भाजीच्या दुकानात मागची रांग सुस्कारे टाकत असताना ती प्रत्येक भाजीचं नाव विचारून घ्यायची. लाज वाटायची, कानशिलं तापायची. एकदोनदा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडलीही. पण डोळे पुसून पुन्हा दुकानात गेली, ते काही सोडलं नाही.

म्हाताऱ्या ड्रायव्हरकडेही ती रोज जायची. तो तोंड फिरवायचा. “पुन्हा तूच? तुला एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो!”

“मी सावकाश बोलते,” ती म्हणाली. “तुम्ही सावकाश चालता. जोडी जमली.”

म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. ओठांचा कोपरा किंचित हलला. त्या दिवशी तो खाटेपासून दारापर्यंत आला, आणि दारापर्यंत पोचेस्तोवर त्यानं तिची तीन क्रियापदं दुरुस्त केली. पुढे हाच परिपाठ झाला. ती त्याचा पाय सुधारायची, तो तिची भाषा. तो खवट होता, चूक झाली की आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडायचा. पण त्याला आता तिची वाट बघायची सवय लागली होती, हे नर्सही सांगत.

प्रात्यक्षिकाला भोंग्याच्या वाट्याला तोच आला. बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. लांब कॉरिडॉर, आज पहिल्यांदाच वॉकर नाही, नुसती काठी. म्हातारा निम्म्यापर्यंत बरा आला आणि थबकला. डावा पाय पुन्हा अधांतरी. चेहरा पांढराफटक.

भोंग्यानं तोंड उघडलं. ‘भार’ला शब्द हवा होता. काल येत होता, आज पळाला होता. पलीकडच्या दारात ताई शेकाच्या पिशव्यांचा ट्रे घेऊन उभी होती. तो शब्द तिच्या ओठांवर आलेला भोंग्याला स्पष्ट दिसला. ताईनं ओठ घट्ट मिटले, डोळे मिटले आणि पाठ फिरवून ती तिथेच उभी राहिली.

भोंगा म्हाताऱ्याच्या समोर गेली. “काका, बस तुमची आहे,” ती म्हणाली. “सगळे लोक उजव्या बाजूला उभे. बस कलते. अर्ध्या लोकांना डावीकडे पाठवा. तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

म्हाताऱ्यानं काठी आपटली. “चला, सरका तिकडे!” तो आपल्या जुन्या आवाजात गरजला आणि डावा पाय टेकवला. पूर्ण टेकवला. शेवटच्या खिडकीपर्यंत तो थांबला नाही.

बाईंनी पहिल्या दिवशीचाच प्रश्न विचारला. “हे भार का टाकत नव्हते?”

“पाय बरा झाला,” भोंगा म्हणाली. “पण पायाला ते कोणी सांगणार नाही.”

“सांगितलं नव्हतं,” म्हातारा खिडकीपाशी धापा टाकत ओरडला. “‘सांगितलं नव्हतं’ म्हण!”

“व्याकरण यांच्याकडून शीक,” बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण तिच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. “पुढच्या वर्षी वॉर्ड बदलेल तुझा.”

ताईनं ट्रे खाली ठेवला आणि तिला कडकडून मिठी मारली. बोलली मात्र एक अक्षर नाही.

दुपारी भोंग्यानं घरी व्हिडिओ कॉल लावला. पास झाले, असं हातांनी सांगितलं. आईनं दोन्ही हात हवेत हलवून हातवाऱ्यांतल्या टाळ्या दिल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मग बापाचे हात हलले.

‘त्या भाषेत बोलून दाखव.’

‘तुम्हाला कसं कळणार?’ तिनं विचारलं.

‘तू बोल. मोठ्यानं बोल.’

तिनं सुरुवात केली. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हाताऱ्याला सांगितलेलं सांगितलं, मग पाण्याचं, दाढेचं, भाज्यांची नावंसुद्धा. बापानं लेकीच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं. मग त्यानं फोन अलगद आडवा केला आणि आपल्या तळहातावर ठेवला, लेथवर राठ झालेल्या तळहातावर. आईनंही आपली बोटं फोनच्या कडेला टेकवली. आवाजानं फोन थरथरतो, तो थरथराट दोघं हातात घेऊन बसले.

तिला पडद्यावर आता फक्त घराचं छत दिसत होतं. ती छताकडे बघत मोठ्यानं बोलत राहिली.