विंगेतली आई

“आज ना आई, आमचे सर…” एवढं बोलून पोरगी थांबली.

“रागावले?” मी विचारलं.

“हो ना. रागावले जरा.”

“तालमीला उशिरा गेलीस?”

“थोडा उशीर झाला.”

तिच्या मागे कुठेतरी लोखंडी दांडीवरून हँगर सरकल्याचा आवाज आला. एक नाही, चांगले सात-आठ. तालमीच्या हॉलमध्ये हँगर कशाला हवेत? मी फोन कानाशी घट्ट धरला. तेवढ्यात “चल आई, बोलावतायत,” म्हणून तिने फोन ठेवलासुद्धा. रविवारी तिला कोण बोलावत होतं, हेही कळलं नाही.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” मी म्हटलं.

नवरा टेबलाशी बसून मटार सोलत होता. “तुला दूधवाल्याने मापात दूध घातलं तरी संशय येतो. बबडी बोलली ना? हसली ना? झालं तर.”

“हसली नाही. हसल्यासारखं केलं.”

“नाटक शिकायलाच गेलीय ना ती? मग करणारच की.” स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ खूश होता. तो बसडेपोत वेळापत्रकं करतो. त्याच्या लेखी गाडी वेळेवर सुटली की ती पोचलीच.

मला संशयी म्हणायला कुणाचं काय जातं? माझं तर पोटच संशयावर भरतं. मी प्रॉम्प्टर आहे. सव्वीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, मी नटांच्या तोंडाकडे बघत आलेय. नट दोन तऱ्हेने थांबतो. एक थांबणं दिग्दर्शकाने बसवलेलं असतं. दुसरं, पुढचा शब्दच आठवत नाही म्हणून. पहिल्या वेळी मध्येच शब्द दिलात तर खेळ संपल्यावर नट तुमचा जीव घेतो. दुसऱ्या वेळी दिला नाहीत तर त्याचा जीव जातो. कोणतं कुठलं हे ओळखायला पाव सेकंदही मिळत नाही. ओळखायचं श्वासावरून. शब्द विसरलेला माणूस श्वास आत घेतो आणि सोडत नाही.

माझी मुलगी गेले कितीतरी रविवार फोनवर तसा श्वास घेत होती.

ती विद्यापीठात नाटक आणि संगीत असं दोन्ही एकत्र शिकते. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातलं तिसरं वर्ष परदेशी विद्यापीठात काढायचं. वर्षाच्या शेवटी तिथे वीस मिनिटांचा एकटीचा प्रयोग करायचा, अभिनय आणि गाणं दोन्ही त्यात हवं. तो झाला तरच वर्ष धरतात. प्रयोगाला आता पाच आठवडे उरले होते, आणि बाईसाहेब ताकास तूर लागू देत नव्हत्या. कुठलं गाणं, पेटीवर कोण, काही नाही. फोनचा कॅमेरा कायम बंद. का, तर म्हणे नेट कमी पडतं. फोटो पाठवले तर इमारतींचे, नाहीतर झाडांचे. झाडं बघायला पाठवलं होतं का तिला?

संशय घ्यायचा तर पुरावा हवा. म्हणून ती गेल्यापासून मी एक दोनशेपानी वही केली होती. फोन झाला की तारीख घालून सगळा संवाद काळ्या पेनाने उतरवून काढायचा, आठवतो आहे तोवर. लिहायची पद्धत माझ्या कामाचीच. ती थांबली तिथे निळी खूण. शब्द मी दिला असेल तर त्याखाली लाल रेघ. ही लाल रेघ नटासाठी असते. दुसऱ्या दिवशी तालमीत त्याला दाखवायचं, बाबा, इथे इथे अडलास, हे पाठ कर. माझा हात आता विचारून रेघ मारत नाही. मारून मोकळा होतो.

सोमवारी वही पिशवीत टाकून मी इथल्या विद्यापीठात गेले. तिसऱ्या मजल्यावर परदेशी वर्षाचा विभाग आहे. तिथल्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या, आवाज मात्र मऊ. अशा बायकांचा मला आधीच संशय येतो.

“माझी मुलगी तिकडे वर्गात जाते की नाही, एवढंच सांगा.”

“ताई, विद्यार्थी सज्ञान असतात. आम्हाला तसं सांगता येत नाही.”

“म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे.”

त्यांनी समोरची फाइल उघडली नाही, पण तिच्यावर हात ठेवला. “तुमच्याशी बोलते ना ती?”

“दर रविवारी.”

“काय सांगते?”

एवढंच हवं होतं. मी घडाघडा सुरू झाले. सर कडक आहेत, कालच उशिरा गेली म्हणून रागावले. प्रयोगात ती म्हाताऱ्या गायिकेची भूमिका करतेय. खोलीतली मैत्रीण चांगली आहे, जरा पसारा करते एवढंच. सर्दीने आवाज बसला होता, आता सुटलाय.

बाई ऐकत होत्या. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, “हे सगळं तिने सांगितलं?”

“मग काय मी मनाचं सांगतेय? लिहून ठेवलंय,” मी म्हटलं आणि वही त्यांच्यापुढे आपटणार होते. पण त्यांच्या विचारण्यात काहीतरी होतं. आपटली नाही.

बाहेर जिन्याजवळ बाक होता. तिथे बसून मी वही पहिल्यापासून काढली. ‘रागावले’खाली लाल रेघ. ‘उशिरा’खाली लाल रेघ. मागच्या महिन्यात, “प्रयोगात मी एक…” निळी खूण. ‘म्हातारी गायिका?’ लाल रेघ. “हो, तसंच काहीसं.” त्याच्या आधी, “माझ्या खोलीतली ती…” ‘पसारा करते?’ लाल रेघ. सर्दी लाल. आवाज बसणं लाल. सुटणंसुद्धा लाल.

मी पानं उलटत गेले. पहिले दोन महिने वही निळी-काळी होती, तिच्या बोलण्याने भरलेली. त्यानंतर एकही बातमी अशी नव्हती जिच्याखाली माझी रेघ नव्हती. तिने माझ्याशी खोटं बोलायचेही कष्ट घेतले नव्हते. ती नुसती थांबायची आणि मी शब्द द्यायचे. इतके महिने मी माझ्याच मुलीची संहिता तिला वाचून दाखवत होते, आणि वर रात्रंदिवस संशय तिच्यावर घेत होते.

मग त्याहून वाईट गोष्ट आठवली. प्रवेशअर्जात एक रकाना होता, ‘नाटक आणि संगीत दोन्ही एकत्र का शिकायचं आहे?’ पोरगी पेनचं टोपण चावत दहा मिनिटं बसली होती. मी भाकऱ्या थापता थापता म्हटलं होतं, “अगं लिही, मला एकाशिवाय दुसरं अपुरं वाटतं.” तिने लिहिलं. मुलाखतीत म्हणे त्या वाक्याचं फार कौतुक झालं. मी सहा महिने नाटकघरात सगळ्यांना सांगत होते, बघा, काय वाक्य लिहिलंय पोरीने!

बाकावर बसल्याबसल्या मला रडू आलं. शेजारून पोरंपोरी वाद्यांच्या पेट्या सांभाळत जिना चढत होती.

घरी येऊन नवऱ्याला वही दाखवली. त्याने चष्मा लावून दोन-चार पानं बघितली आणि चष्मा काढला. या वेळी विनोद केला नाही.

“मग आता?”

“आता रविवारी तोंड मिटून बसायचं.”

“तुला जमेल?”

“नाही जमलं तर पायावर पाय दे.”

रविवारी अकराला फोन वाजला. मी टेबलाशी बसले, फोन मध्ये ठेवला, आवाज मोठा केला. नवरा समोर. जेवलीस का, हवा कशी आहे, हे झालं. त्याच्यात अडत नाही कुणी.

“आज ना आई, आमचे सर…”

श्वास आत गेला.

माझ्या जिभेवर चार शब्द तयार होते. रागावले, आजारी आहेत, खूश झाले, गावाला गेलेत. कुठलाही दिला असता तरी तिने घेतला असता. मी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. रंगमंचावर तीन सेकंद शांतता झाली तरी लोक खुर्चीत चुळबुळ करतात. इथे भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा अर्धा फिरला.

“आई? आहेस ना?”

“आहे.”

“बोल की.”

“तू बोल. मी ऐकतेय.”

पुन्हा शांतता. नवऱ्याचे ओठ हलायला लागले, मीच त्याच्या पायावर पाय दिला.

“मी वर्गात जात नाही आई,” ती म्हणाली. “तिसऱ्या महिन्यापासून.”

मी टेबलाची कड सोडली नाही.

“पहिलाच प्रयोग होता. छोटासा, वर्गातल्या वर्गात. गाणं झालं आणि पुढचं वाक्य आलं नाही. इथे कोणी शब्द देत नाहीत गं. छान शांत बसून राहतात. मी विंगेत बघितलं. सारखी तिकडेच बघत राहिले. तिथे कोणी नव्हतं.” तिने नाक ओढलं. “मग परत नाही गेले. आता वर्ष जाणार. इथल्यांनी आपल्या विद्यापीठालाही कळवलंय. मी तुला सांगणार होते, दर रविवारी सांगणार होते, पण तू आधीच काहीतरी म्हणायचीस आणि मला ते बरं वाटायचं. सोपं वाटायचं.”

‘माझं चुकलं’ हे शब्द तर ओठांवरच आले होते. पण ते म्हटले असते तर तिने लगेच “नाही गं, तुझं काय” म्हणून माझी समजूत घातली असती, आणि बोलणं पुन्हा माझ्याकडे आलं असतं. मी गिळले.

“दिवसभर कपडेपटात असते,” ती पुढे म्हणाली. “नाटकाचे कपडे ठेवतात तिथे. एक बाई आहेत, मी तिथे कोपऱ्यात रडत बसले होते तर काही न विचारता हातात इस्त्री दिली. त्यांची भाषा मला धड येत नाही, माझी त्यांना नाही. बरं वाटतं. आत्ताही इथेच आहे.”

“बरं,” मी म्हटलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात अवघड बोलणं.

“परत येऊ का, हे विचारू नकोस आत्ता.”

“नाही विचारत.”

“मला…” ती म्हणाली आणि थांबली.

मी थांबले.

तिला काय म्हणायचं होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक तिलाही अजून कळलं नसावं. पण तिने फोन ठेवला नाही, आणि मीही नाही. थोड्या वेळाने इस्त्रीचा फुस्स आवाज आला, मग हँगर सरकला. नवऱ्याने आवाज न करता ताटं वाढली. आम्ही चमचे न वाजवता जेवलो. ती तिकडे एकेक कपडा उचलत होती, झटकत होती, दाबत होती. मला विचारावंसं वाटत होतं की खोलीत एकटी असतेस का, पोटभर जेवतेस का, त्या बाई कशा आहेत, आणि त्यांचाही थोडा संशय येतच होता. मी पाणी प्यायले.

पाऊण तास झाला असेल.

“आई,” ती एकदम म्हणाली, “या सैनिकाच्या कोटाची एक बाही उलटी शिवलीय कुणीतरी. इतके प्रयोग झाले, कुणाच्या लक्षातच नाही आलं.”

नवरा माझ्याकडे बघायला लागला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” ती म्हणाली. “उसवतेय.”