ठिणगीचा विरह

चाहत्यांनी तिचं नाव ठिणगी ठेवलं होतं, पण ठिणगीची प्रेमगीतं काही पेट घेत नव्हती. दोन अल्बम सपशेल आपटल्यावर मॅनेजरनं निदान केलं, "तुझा संसार सुखाचा आहे, तिथंच घोडं पेंड खातंय. सुखी बाईचं गाणं कोण ऐकतं? विरह हवा."

"विरह आणू कुठून? नवरा घरीच असतो."

"मग त्याला बाहेर काढ!"

नवरा दातांचा डॉक्टर, स्वभावानं गरीब गाय. महिनाभराचाच प्रश्न, असं म्हणत तो बॅग भरून थोरल्या भावाकडे गेला. मॅनेजरनं नवरा सोडून गेल्याची बातमी फोडली, पाठोपाठ 'काळजाच्या दगडा' आलं आणि ठिणगीचा वणवा झाला. प्रत्येक कार्यक्रमात ठरलेल्या कडव्याला ती ढसाढसा रडायची. न ओघळणाऱ्या काजळाची जाहिरातही तिलाच मिळाली.

इकडे दवाखान्यात पेशंट आ करण्याआधी विचारायचे, "डॉक्टर, बाईंचं काळीजही असंच उपटलंत का, भूल न देता?" तो कसनुसा हसायचा.

सासूबाईंचा फोन आला. "सूनबाई, माझ्या पोराला दगड म्हणालीस?"

"आई, ते गाण्यापुरतं हो."

"मग लोक मला का विचारतात, पोराला वळण का नाही लावलं म्हणून?"

दौरा लांबला, महिन्याचं वर्ष झालं. शेवटी मॅनेजरनं पुनर्मीलनाच्या अल्बमला हिरवा कंदील दाखवला. ठिणगीनं आनंदानं नवऱ्याला फोन लावला. "ये आता घरी! दारात कॅमेरे लावलेत. येताना फुलं तेवढी आण."

"मी नाही येत गं."

"म्हणजे?"

"इथं वहिनी रोज विचारते, जेवलास का. तू वर्षभर एकच विचारलंस, कुणाला काही बोलला नाहीस ना?"

त्यानं फोन ठेवला.

मॅनेजरला कळलं तेव्हा त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "आयता दुसरा विरह!" दुसऱ्या दिवशी तिला स्टुडिओत उभं केलं. पहिल्याच ओळीला तिला रडू कोसळलं, नाक वाहू लागलं, शब्द फुटेना.

काचेपलीकडून मॅनेजरनं हात हलवला. "थांब, थांब! फार खोटं वाटतंय."

ठिणगीनं नाक शिंकरलं, घोटभर पाणी घेतलं आणि सरावाचा हुंदका लावला. गाणं एका दमात ओके झालं. संगीतकाराला तर रडूच आवरेना.