दुसऱ्यांदा एकदाच

माणकचंद शेठच्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात त्या रविवारी संध्याकाळी इतकी माणसं जमली, की सरकीचा ढीगसुद्धा दिसेनासा झाला. पोरं ढिगावर, बाया ताडपत्रीवर, पुरुष कंपाउंडच्या भिंतीवर. सगळ्यांच्या समोर टेबलावर मोठा रंगीत टीव्ही आणि टीव्हीपुढं पाण्यानं भरलेले तांबे. तांब्याचे, पितळेचे, स्टीलचे. एकानं तर घाईघाईत वनस्पती तुपाचा रिकामा डबाच भरून आणला होता. देवाला भांड्याची जात चालत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत होता.

टीव्हीच्या शेजारी उंच चौरंगावर तरंगनाथ महाराज डोळे मिटून बसले होते. चौरंगावरची भगवी चादर चारी बाजूंनी जमिनीला टेकली होती. हिलाल नावाचा त्यांचा शिष्य पुढं झाला. "आता बोलू नका. महाराजांचे तरंग निघाले. देह इथं, आत्मा दिल्लीला!" असं म्हणून त्यानं महाराजांच्या पायांशी लोटांगण घातलं. तो उठतो न उठतो, तोच टीव्हीत साडी नेसलेली बाई आली.

"नमस्कार. आता पाहू या विशेष कार्यक्रम. तरंगनाथ महाराजांचं दिल्लीहून थेट दर्शन. हा कार्यक्रम एकदाच दाखवला जाईल."

आणि खरोखर महाराज पडद्यावर आले! तीच दाढी, तीच माळ. डोळे मात्र टक्क उघडे. इकडे चौरंगावर मिटलेले महाराज, तिकडे दिल्लीत बोलणारे महाराज. पिंपळपाड्याची माणसं एकदा इकडे, एकदा तिकडे बघून मान दुखवून घेऊ लागली.

"समोर बसलेल्या माउली," पडद्यातले महाराज म्हणाले, "डोळ्यांना पदर लावू नकोस. तुझं दुःख मला दिसलं. तांब्यातलं पाणी तरंगांनी भारलं आहे. तेच औषध. सव्वा महिना शरीराला लोखंड लावू नकोस." आणि त्यांनी चिमूटभर विभूती पुढं उडवली.

आता शेदीडशे बाया जमल्यावर त्यातली एकही डोळ्यांना पदर लावणार नाही, असं कुठं होतं? पण पुढच्या रांगेतल्या भिकुबाईंनी हंबरडाच फोडला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. पडदा त्यांना दिसतच नव्हता, नुसता उजेड कळत होता. पण आवाज कानी आला आणि माउली म्हणजे आपणच, हे त्यांनी ठरवून टाकलं.

मागं उभ्या असलेल्या प्रमिलाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. त्या भिकुबाईंच्या सूनबाई, गावच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या मंगळवारी जळगावच्या शिबिरात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "मोतीबिंदू फार पिकलाय. आता चालढकल केलीत तर डोळा हातचा जाईल."

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल देऊन टाकला. "माले आपरेशन करनं नही. लोखंड लावानं नही, महाराजनी सांगेल शे."

"आत्याबाई, हिलालनं त्या पाण्यात राख टाकलीय. डोळ्यात घालू नका."

"बठ्ठा गावनी दखं. बठ्ठा गाव येडा अन् तूच शहाणी का वं?"

प्रमिलाबाईंना वाटलं, गावाशी भांडता येतं. पण विशेष कार्यक्रमाशी भांडायचं कसं?

त्या काळात टीव्हीवरच्या विशेष कार्यक्रमाला सणाची किंमत होती. दिवाळीचा विशेष, वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा विशेष. रोजच्या कार्यक्रमाला लोक जेवता जेवता बघत. विशेषला आधी जेवून घेत. एकदा दाखवला की संपला. चुकला त्यानं पुढं महिनाभर दुसऱ्यांकडून ऐकायचा आणि आपण पाहिल्यासारखं तिसऱ्याला सांगायचं. त्यामुळं ‘विशेष’ म्हटलं, की माणूस आधी जागा धरी आणि विचार सवडीनं करी. तरंगनाथांनी नेमकी हीच नस पकडली होती. जे एकदाच होणार, ते तपासायला दुसऱ्यांदा कोण येणार?

दुसऱ्या दिवशी शेठाणी तारादेवी प्रमिलाबाईंना शाळेच्या वाटेवर भेटल्या. जिनिंगला लागूनच त्यांचं घर. घराच्या गच्चीवर गावातला सगळ्यात उंच अँटेना, त्याचीच तार महाराजांच्या टीव्हीला जोडली होती. तारादेवी फणकारलेल्या होत्या.

"मास्तरीणबाई, काय सांगू! रविवारचा सिनेमा बुडाला माझा. बोदवडच्या माझ्या बहिणीला फोन केला, तर ती म्हणते, आमच्याकडे तर पूर्ण सिनेमा झाला, शेवटी हिरो मरतो. मी शेठना विचारलं, असं कसं? म्हणतात, महाराजांची आपल्या गावावर स्पेशल कृपा."

"बोदवडला दिल्लीहून सिनेमा, आणि आपल्याला दिल्लीहून महाराज?"

"बघा ना! आणि चित्र किती साफ! आमच्या टीव्हीवर सदा मुंग्या. गच्चीवर नोकर उभा करावा लागतो. ‘आलं का?’ ‘आलं!’ ‘आता?’ ‘गेलं!’ काल एकही मुंगी नाही."

प्रमिलाबाई जागच्या जागी थबकल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी टीव्ही आणि त्याला मुंग्या नाहीत! वारा सुटला की हलणारं, मोटार सुरू झाली की थरथरणारं चित्र काल गोठलेल्या तुपासारखं स्थिर होतं. हे चित्र आभाळातून आलेलंच नाही. धुळ्याला भावाच्या लग्नात व्हिडिओ भाड्यानं आणला होता, कॅसेट घातली की असंच लखलखीत दिसायचं. पिंपळपाड्यातही व्हिडिओ येई, सिनेमे दाखवी. पण तो व्हिडिओ डोळ्यांपुढं ठेवलेला असे. इथं तर नुसता टीव्ही आणि गच्चीवरून आलेली तार. मग व्हिडिओची पेटी कुठं होती?

त्यांना हिलालचं लोटांगण आठवलं. सुरू व्हायच्या आधी एक. संपायच्या वेळी एक. मध्ये भक्ती बंद.

पुढचं काम लोभानंच सोपं केलं. शेजारच्या गावांचे लोक माणकचंद शेठकडे खेटे घालू लागले, नारळ-दक्षिणा वाढली आणि बुधवारी हिलालनं दवंडी पिटवली, की खास आग्रहास्तव येत्या रविवारी हा एकदाच होणारा कार्यक्रम दुसऱ्यांदा एकदाच होणार आहे. गावात एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, पहिल्यांदा मागं बसलेल्यांनी दुपारीच पुढच्या जागांवर गोधड्या टाकल्या.

तोवर भिकुबाईंचा डावा डोळा त्या पाण्यानं लालभडक झाला होता. हिलालनं सांगितलं, "विकार बाहेर पडतोय." प्रमिलाबाई मंगळवारकडे बघत दात खात होत्या.

रविवारी पुन्हा तीच गर्दी, तेच तांबे. लोटांगण झालं. बाई आली. "हा कार्यक्रम एकदाच दाखवला जाईल," असं तिनं हसून दुसऱ्यांदा सांगितलं. महाराज पडद्यावर आले, चौरंगावरचे महाराज समाधीत गेले. त्याच वेळी प्रमिलाबाई आणि बुडालेल्या सिनेमापायी त्यांना सामील झालेल्या तारादेवी गच्चीवर होत्या. दोघींनी अँटेनाची तार खसकन उपसली, बांबूला बांधलेल्या दोऱ्या सोडल्या आणि पाच मिनिटांत प्रमिलाबाई भल्यामोठ्या अँटेनाचा सांगाडा खांद्यावर घेऊन सरळ गर्दीत शिरल्या.

"सरका! सरका जरा! काडी लागेल डोळ्यात!"

माणसं दचकून बाजूला झाली. अँटेना टीव्हीसमोर आडवा ठेवून प्रमिलाबाई म्हणाल्या, "हा गच्चीवरचा अँटेना. तारेसकट काढून आणलाय. आणि महाराज दिल्लीहून अजून बोलताहेत. आता सांगा, चित्र येतंय कुठून?"

मागून कौतिक नावाचा केळीवाला ओरडला, "तार तोडी तरी महाराज दिसतस! बोला तरंगनाथ महाराज की..."

"जय!" सगळं आवार दणाणलं. बायांनी अँटेनालाच कुंकू लावलं. भिकुबाईंनी सुनेच्या दिशेनं मान वळवून विचारलं, "आते पटनं का?"

प्रमिलाबाईंनी पुरावा आणावा तर त्याचाच प्रसाद झाला! हिलालनं संधी साधली. "आत्म्याला अँटेना लागत नाही, बाई! विज्ञान जिथं संपतं, तिथं महाराज सुरू होतात!"

"खरंय," प्रमिलाबाई एकदम हात जोडून म्हणाल्या. "चुकलं माझं. मला महाराजांच्या पायांवर डोकं ठेवू द्या."

हिलालचा चेहरा उतरला. "नाही नाही! देह आत्ता रिकामा आहे. स्पर्श चालत नाही!"

"अहो, रिकाम्या देहाला काय त्रास? महाराज तर दिल्लीत आहेत."

"तुम्ही हात लावलेला चालतो, आमच्या मास्तरीणबाईंनी का नाही?" तारादेवींनी टोला हाणला. बायाही म्हणाल्या, पश्चात्ताप झालेल्या बाईला अडवू नये.

महाराजांची पंचाईत झाली. ओरडावं तर आत्मा दिल्लीत, पाय मागं घ्यावा तर देह रिकामा. त्यांनी एक डोळा किलकिला केला, प्रमिलाबाई वाकताना पाहिल्या आणि घाबरून पुन्हा मिटला. प्रमिलाबाईंनी लोटांगण घातलं, हात चादरीखाली सरकवला. बोटांना गरम पत्रा लागला, मग बटणांची रांग. धुळ्याला भावानं शिकवलं होतं, सिनेमा मागं न्यायचं बटण कुठलं. त्यांनी ते दाबलं आणि धरून ठेवलं.

पडद्यावर आडव्या रेघा धावल्या. दिल्लीतल्या महाराजांनी उडवलेली विभूती हवेतून उलटी आली आणि त्यांच्या चिमटीत जाऊन बसली. उघडलेलं तोंड मिटलं, आशीर्वादाचा हात खाली गेला. महाराज उलटे चालत पडद्याबाहेर गेले. साडीवाल्या बाईनं केलेला नमस्कार परत घेतला.

प्रमिलाबाईंनी बटण सोडलं. चित्र सरळ चालू झालं, पण ते कार्यक्रमाच्याही आधीचं होतं. तरंगनाथ महाराज माळ कानावर अडकवून विडी ओढत होते आणि पाठीमागं हिलाल विजार-सदऱ्यात चादर ताणत होता.

"हिलाल, पडदा नीट लाव ना भाऊ," पडद्यातले महाराज खोकत म्हणाले. "मागं केळी दिसून राहिली."

आणि दिसत होतीच. फाटक्या निळ्या चादरीच्या कडेनं, दिल्लीच्या ऐन मध्यात, घडांनी लगडलेली केळीची बाग.

कौतिक उठून उभा राहिला. केळीच्या बाबतीत त्याला फसवणं अवघड होतं. "हाई तं आपली बसराई केळी शे! दिल्लीमा केळी कधय लागनी रे भो?"

पहिल्यांदा एक हसला, मग दहा हसले आणि मग आवारभर असा हशा उठला, की सरकीच्या ढिगावरची पोरं घसरून खाली आली. चौरंगावरच्या देहात आत्मा तातडीनं परतला आणि उडी मारून फाटकाकडे धावला. पण फाटकात माणकचंद शेठ उभे होते. त्यांनी आठवडाभर त्या देहाला साजूक तुपातलं जेवण घातलं होतं. "बसा महाराज," ते थंडपणे म्हणाले. "पोलीस पाटलांना बोलावलंय. दर्शन घेऊनच जा."

प्रमिलाबाईंनी भगवी चादर ओढून काढली. खाली व्हिडिओची पेटी गुरगुरत होती. महाराज दोन रविवार स्वतःच्याच डोक्यावर बसले होते! प्रमिलाबाईंनी चौरंगाखालची सतरंजी उचलून दाखवली. खालून एक तार टीव्हीपर्यंत गेलेली. "हिलाल पाया पडायचा तेव्हा बटण दाबायचा. गच्चीवरची तार नुसती दिसायला. ती असली काय, नसली काय, चित्र या कॅसेटमधलं. जी बाई थेट दिल्लीहून बोलतेय म्हणतात, ती या पेटीत गुंडाळून ठेवलेली. बटण दाबाल तितक्या वेळा ती ‘एकदाच’ म्हणेल."

या सगळ्या गोंधळात भिकुबाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. पडदा त्यांना दिसला नव्हता, केळी दिसली नव्हती. त्यांनी फक्त ऐकलं होतं. ज्या आवाजानं त्यांना माउली म्हटलं, तोच आवाज खोकत होता, केळी झाकायला सांगत होता. त्यांनी लाल डोळ्याला पदर लावला आणि हळूच म्हणाल्या,

"प्रमिला, मंगळवारले कितली वाजता जानं शे वं?"

जळगावच्या डॉक्टरांनी आधी डोळा पाहून दोघींनाही झापलं. मग सूज उतरेपर्यंत चार दिवस ठेवून घेतलं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं. डाव्याचं काही सांगता येत नाही म्हणाले, आणि खरोखर तो पुढं अंधुकच राहिला. राखेच्या पाण्यानं एवढं काम मात्र चोख केलं.

जाड भिंगांचा चष्मा लागल्यावर तारादेवींनी त्यांना मुद्दाम घरी बोलावलं. त्या रविवारी खराखुरा विशेष कार्यक्रम होता, गाण्यांचा. भिकुबाई टीव्हीपुढं बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना पडद्यावरची माणसं दिसत होती. मुंग्यांसकट. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

"काय झालं, अक्का? आवडलं नाही?" तारादेवींनी विचारलं.

"भलतं आवडनं. पन आते हाई डबानं मांगलं आंग दखाड माले."

आणि त्या खरोखरच टीव्हीच्या मागं जाऊन, वाकून, एकेक तार कुठून येते ते बघू लागल्या.

वाचकहो, कार्यक्रम जरूर बघा. विशेष असेल तर पुढची जागा धरून बघा, हसा, टाळ्या वाजवा. करमणुकीला कुणाची हरकत नाही. पण कुणी त्या पडद्यातून तुमचा डोळा, तुमचं औषध, तुमच्या लेकराचा ताप मागायला लागला, तर उठा आणि मागच्या बाजूला जा. खरी वस्तू मागून पाहिली तरी खरीच राहते. जी वस्तू मागून पाहू देत नाहीत, तिच्यावर एका डोळ्याचाही भरवसा टाकू नका.