पान दोनशे बारा

विमलताईंनी कादंबरी पालथी घातली, वरचा पुठ्ठा ओढून काढला आणि पाठीवरच्या वाळलेल्या डिंकावर कटरचं पातं टेकवलं.

"हळू," किसनराव सर म्हणाले. "पुस्तक आहे ते. भोपळा नाही."

"भोपळ्याचं साल याच्याहून कडक असते, सर," विमलताई म्हणाल्या आणि एका ओढीत पाठ चिरली. तीनशे चौदा पानं सुटी झाली.

दिग्रसच्या बाजारात, सरकी-ढेपेच्या दुकानावरच्या या खोलीत दर रविवारी पुस्तकं अशीच फाडली जायची. सुटी पानं स्कॅनरमधून जायची. कम्प्युटर त्यातली अक्षरं ओळखायचा, बरीचशी चुकीची ओळखायचा, आणि मग माणसं छापील पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायची. पान बदललं की आकडा घालायचा. असं तयार झालेलं पुस्तक, ज्यांना दिसत नाही ते फोनवर ऐकायचे. पंखा मात्र लावायचा नाही, पानं उडतात. त्यामुळे खाली जिनिंगच्या गाड्या गेल्या की कापसाची बारीक लव खिडकीतून आत यायची ती घामाला चिकटून बसायची.

काम सुरू केलं होतं किसनरावांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक. भिंतीवरचा कागदही त्यांच्याच वळणदार अक्षरातला: 'जसं छापलं तसं. चुकीसकट.' समीक्षा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती, स्कॅनर तिच्या ताब्यात. आणि विमलताई ब्लाउज शिवायच्या. त्यांची शाळा नववीत सुटली होती, त्यापुढचं शिक्षण भाड्याच्या कादंबऱ्यांनी केलं होतं. कम्प्युटर त्या चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकल्या, मुलाने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर, कोणालाही न विचारता. विचारलं असतं तर कोणीतरी शिकवलं असतं, आणि ते त्यांना नको होतं.

आजवर या खोलीत इतिहास झाला होता, अर्थशास्त्र झालं होतं, दोन चरित्रं आणि एक शेळीपालन झालं होतं. 'सातव्या खोलीतली सून' ही पहिलीच कादंबरी.

"शेळीपालनात निदान शेळी तरी खरी होती," किसनराव एक पान दोन बोटांत धरून म्हणाले. "हा गृहस्थ म्हणे वर्षाला चार कादंबऱ्या लिहितो."

"मी वर्साले चारशे ब्लाउज शिवते. त्यातलं एकही वापस येत नाई," विमलताई म्हणाल्या. त्यांनी ही कादंबरी तीनदा वाचली होती.

"सर, माझ्या आख्ख्या ग्रुपने वाचली," समीक्षा म्हणाली. "तो वीरधवल किती..."

"किती काय?"

"काही नाई जी."

कादंबरी मागितली होती पायलने. पायल बोरी अरबची. जन्मापासून तिला दिसत नव्हतं. यवतमाळला हॉस्टेलात राहून बी.ए. करत होती आणि महिन्यातून एकदा दिग्रसला मामाकडे आली की इथला जिना चढून यायची. तयार झालेलं पुस्तक पहिलं तिच्याकडे जायचं. ती ऐकून चुका सांगायची.

"मले आता शेळ्या नको, काकू," मागच्या खेपेस ती म्हणाली होती. "हॉस्टेलात जेवण झालं का त्या सुनेवरून भांडणं चालतात. मी जवळ गेली का पोरी म्हणतात, तू सोड, तुले नाई समजणार. मले भांडता येत नाई नं, काकू. पुस्तकच नाई माह्यापाशी."

एवढ्यावर विमलताईंनी आपलीच प्रत आणून कटरखाली धरली होती.

पुढच्या रविवारी किसनरावांनी चौदाव्या प्रकरणाची पानं गठ्ठ्यातून काढली, घडी न पाडता आपल्या कापडी पिशवीत ठेवली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसले.

"पानं, सर," विमलताई म्हणाल्या.

"चौदावं वगळू. तिथे दोन चांदण्यांची खूण टाका. कथानकाला बाध येत नाही, मी पाहिलंय."

"पाह्यलंय म्हणजे वाचलंय."

"वाचावं लागलं." सरांचे कान तांबडे झाले. "विमलताई, तो वीरधवल, ती शलाका, तो बंगला... लोकाच्या मुलीच्या कानात मी हे घालू? तिच्या जागी माझी नात असती तर मी घातलं असतं?"

"तुमच्या नातीनं कवाचीच वाचली असन. बसस्टँडवर टांगून असते ती कादंबरी. तुमी तिथं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींचे डोये झाकता का?"

"ते माझ्या हातात नाही."

"हे हातात हाय म्हणून झाकता मंग." विमलताई उठल्या. भिंतीवरच्या कागदाला त्यांनी बोट लावलं, शब्दांवरून फिरवलं. "हे कोणाचं अक्षर हाय?"

समीक्षाने स्कॅनरचं झाकण उगाच उघडलं आणि बंद केलं.

"मग या कामातून माझं नाव काढा," किसनराव म्हणाले.

"नाव राहू द्या. पानं द्या."

खाली दुकानदार कोणाला तरी ढेपेचा भाव सांगत होता. मग सरांनी पिशवी उघडली. पानं टेबलावर ठेवून ते चहा सांगायला खाली गेले आणि चहा वर येऊनही अर्ध्या तासाने आले.

चौदावं प्रकरण विमलताईंनी स्वतः केलं. एक काना, एक वेलांटी सुटू दिली नाही. घरी जाताना त्या ताठ चालत होत्या.

गुरुवारी दुपारी, शिलाई मशीनवर लॅपटॉप ठेवून त्या एकोणिसाव्या प्रकरणाशी आल्या. सातव्या खोलीत कोण कोंडलंय ते या प्रकरणात कळतं. नायकाची आंधळी बहीण, इंदुमती. पान दोनशे बारा.

'इंदुमती दोन्ही हात पुढे करून चाचपडत जिना उतरली. तिच्या डोळ्यांच्या रित्या विहिरींत आसवं दाटली होती. जिला उजेडच नाही, तिने जगून कोणाची वाट अडवावी?' असं सुरू होऊन 'हाय रे दैवा'पर्यंत ते सतरा ओळी चाललं होतं. त्यात ती मेणाची बाहुली होती, विझलेली समई होती, घरावरचं सावट होती. आणि दुसऱ्या दिवशी सुनेचा संसार सुखाचा व्हावा म्हणून ती आश्रमात निघून जात होती.

तिन्ही खेपा विमलताई इथे रडल्या होत्या. एकदा तर गिऱ्हाइकाच्या रेशमी कापडावर थेंब पडला होता. आता मात्र त्यांना पायलचा चेहरा आठवला, ऐकताना ती मान जरा तिरपी करते तो. त्यांनी पान पुन्हा वाचलं. मग सतरा ओळींवर काळा पट्टा ओढला आणि बटण दाबलं. उरलेली वाक्यं एकमेकांना व्यवस्थित जुळली. शिवण दिसत नव्हती.

हे काही चौदावं प्रकरण नाही, त्या मनाशी म्हणाल्या. उठून पाणी प्यायल्या आणि पुढचं पान घेतलं.

तीन आठवड्यांनी पायल आली. काठी दाराशी उभी केली, खुर्ची ओढली, बसली.

"झाली ऐकून?" विमलताईंनी विचारलं.

"दोनदा."

"मंग?"

"शलाका बावळट हाय. सासरा तिच्यासमोर तिजोरी उघडते अन् ही इचारते, बाबा, हे काय? अन् तो वीरधवल म्हणजे नुसती अत्तराची बाटली. कुठंही आला का आधी वासच येते त्याचा."

"ए, वीरधवलला काही बोलायचं नाही," समीक्षा म्हणाली.

"तुले ठेव मंग. मले नाई पाह्यजे."

किसनराव खिडकीबाहेर पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "आणि ते... मधलं एक प्रकरण होतं."

"चौदावं? बोअर हाय, सर. चार पानं नुसते पडदे हालतात."

विमलताई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. सरांनी चष्मा काढून पुसला, आणि तो पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

पायल हसली नाही.

"काकू, दोनशे बारावर काय हाय?"

विमलताईंचा हात पाण्याच्या बाटलीवर होता. तो तिथेच राहिला.

"काहून?"

"मी लावते त्या वेगानं एक पान पन्नास सेकंदाचं असते. थोडं इकडंतिकडं. दोनशे अकरा पन्नास. दोनशे तेरा अठ्ठेचाळीस. दोनशे बारा वीस सेकंदात सरलं. दोनदा लावून पाह्यलं. अन् हॉस्टेलात पोरी म्हणतात, नणंद जाते तिथं लय रडू येते. मले रडायसारखं काहीच नाई सापडलं. नणंद आली अन् गेली."

"स्कॅनर खातो कधी कधी ओळी," समीक्षा घाईने म्हणाली. तिने विमलताईंकडे पाहिलं. होय म्हणा, असं ते पाहणं होतं.

किसनराव उठले. कपाटातून त्यांनी सुट्या पानांचा गठ्ठा काढला, थुंकी लावून पानं मोजली, एक वेगळं केलं आणि विमलताईंसमोर ठेवलं. परत जाऊन बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

"स्कॅनर नाई," विमलताई म्हणाल्या. "म्या काढलं."

"कायले?"

"तुले लागन म्हणून."

"चौदाव्यासाठी तुमी सरांसंग भांडल्या म्हणे. समीक्षानं सांगतलं फोनवर."

"भांडली."

"मंग?"

विमलताईंनी पानाचा दुमडलेला कोपरा अंगठ्याने सरळ केला. तो पुन्हा दुमडला.

"काकू, आंधळीबद्दल जे लिवलं ते हॉस्टेलातल्या पंचवीस पोरींनी वाचलं. मी आली का त्या गप होतात ते यासाठीच. त्याईले ठाऊक, तुमाले ठाऊक, त्या लिवणाऱ्याले ठाऊक. मलेच तेवढं नाई. माह्या पाठीमागं बोलल्यावानी झालं हे." तिचा आवाज चढला नाही. "वाचा आता."

"पायल, राहू दे न बाई. फाईलमध्ये टाकून देते, घरी ऐकजो."

"नाई. ज्यानं काढलं त्यानं वाचावं."

विमलताईंनी वाचलं. हात पुढे करून चाचपडत जिना उतरणं वाचलं, रित्या विहिरी वाचल्या, विझलेली समई वाचली. एका जागी आवाज खाली गेला तेव्हा पायल म्हणाली, "जोरानं," आणि त्यांनी ती ओळ पुन्हा जोराने वाचली. खाली दुकानात कोणीतरी बोलायचं थांबलं. सतरा ओळी संपायला फार वेळ लागला.

पायलची मान तिरपी होती. ओठ आवळलेले होते. ते हळूहळू सुटले.

"ती त्या घरात किती वर्सं राह्यते?"

"जन्मापासून. तिचंच घर हाय ते," विमलताई म्हणाल्या.

"अन् जिना चाचपडते?" पायल आता खरोखर चिडली होती. "स्वतःच्या घरचा जिना? तुमचा जिना मी दुसऱ्या खेपेस मोजला. एकोणीस पायऱ्या, बारावी खचेल हाय."

"बारावी खचलीय?" किसनरावांनी विचारलं. सहा वर्षं ते तो जिना चढत होते.

"उजवीकडून, सर. सांभाळून जात जा." मग तिने पुन्हा तोंड विमलताईंकडे केलं. "आंधळ्या माणसाले एकदाही इचारलं नाई त्यानं लिवताना. अन् पोरी रडतात! हॉस्टेलात जाऊ द्या मले. एकेकीले धरते. तुले नाई समजणार म्हणे." ती थांबली. "तुमी रडल्या होत्या का, काकू?"

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती.

"तिन्ही खेपा," विमलताई म्हणाल्या.

"मंग भांडायची यादी करा लागते. तुमचं नाव पयलं."

"लिव," विमलताई म्हणाल्या. "पण मीही काही आयकून घेणारी नोहो."

"ते ठाऊक हाय. टाका आता ओळी. मी बसते."

"तुझी गाडी?" समीक्षाने विचारलं.

"गाड्या लय असतात."

विमलताईंनी लॅपटॉप पुढे ओढला. पान डाव्या हाताला ठेवून त्या टाइप करू लागल्या, आणि पायल टेबलावर बोटं टेकवून बसून राहिली. सतरा ओळी पुन्हा जागेवर आल्या. मग त्यांनी आवाजाचं बटण दाबलं. लॅपटॉपमधली बाई कोणाच्याच दुःखाशी देणंघेणं नसल्यासारखी, एकसुरात वाचत गेली. रित्या विहिरी, विझलेली समई. आणि शेवटी, त्याच थंडपणाने:

"हाय रे दैवा उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह उद्गारचिन्ह."

पायल खुर्चीवर मागे रेलून हसली. समीक्षाही हसली, आणि किसनरावांनी खोकल्यासारखं काहीतरी केलं.

विमलताई हसल्या नाहीत. त्यांनी छापील पान उचलून डोळ्यांजवळ धरलं, त्या ओळीवर नख टेकवलं, मोजलं. लेखकाने चार दिली होती.

त्यांनी चौथं टाकलं.