रेट्रो नव्हे, रोटा

"रेट्रो व्हायरस निघालाय म्हणे," मेहुणे काकासाहेबांनी औरंगाबादच्या दवाखान्यातून फोनवर सांगितलं आणि वडीगोद्रीच्या एसटीडी बूथवर बद्रीनाथने पुढचं न ऐकताच फोन ठेवला. हगवणीने लोळागोळा झालेली त्याची वर्षाची पोर तिथे दाखल होती. बद्रीनाथ जीवशास्त्राचा मास्तर. रेट्रो म्हणजे एड्सच्या विषाणूची जात. आपल्या आरएनएवरून उलटा डीएनए बनवून पेशीच्याच डीएनएत घर करतो आणि मग निघत नाही, हे तो स्वतःच वर्गात शिकवायचा.

मिळेल त्या जीपने तो दवाखान्यात पोचला. रेट्रो नक्की का, असं त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"रेट्रो कोण म्हणालं? रोटा आहे," बाई म्हणाल्या. "याचा आरएनए दुहेरी. त्यावरून आरएनएच्याच प्रती काढतो, डीएनएच्या वाटेला जात नाही. आठवड्याभरात निघून जाईल. अंगातलं पाणी तेवढं कमी होऊ देऊ नका."

बद्रीनाथने वळून काकासाहेबांकडे पाहिलं.

"दाजी, फोनला खरखर होती," काकासाहेब ओशाळून म्हणाले. "आन् दोघंबी कॉप्याच करून राह्यलेत न्हाई का? मंग फरक काय?"

"तो दुसऱ्याच्या वहीत कायमचा लिहून ठेवतो. हा कॉपी करतो, दंगा करतो आणि जातो."

"म्हणजे आपल्या बारावीच्या पोरांवानी."

बद्रीनाथला हसू फुटलं. बायकोच्या हातून त्याने साखर-मिठाच्या पाण्याची वाटी घेतली. पोरीने पहिला चमचा थुंकला. त्याने दुसरा भरला.