पाण्याला भिणाऱ्यांची वेबसाइट

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. तुम्हाला हसू येईल. मला ना सुरकुत्या पडत, ना गंज चढत. तरी मीही जुनी होते, आणि कशी होते तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म एका छोट्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर झाला. मला घडवलं अण्णांनी. अण्णा छापखान्यात मुद्रितं तपासायचे, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधायचे. त्यांच्या पत्नी पोहायला शिकवायच्या. त्यांना सगळे 'बाई' म्हणत. पाण्याला भिणाऱ्या मोठ्या माणसांसाठी त्यांचा वर्ग होता. गंमत अशी की असा एक माणूस त्यांच्या घरातच होता. लग्न झाल्यापासून अण्णा बाईंना पोहण्याच्या तलावाच्या फाटकापर्यंत सोडायला जात. आत मात्र त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

पुढे वर्ग ओस पडू लागला. तलावाचे व्यवस्थापक बाईंना म्हणाले, "या हंगामात माणसं आली नाहीत, तर तुमचा दुपारचा तास दुसऱ्यांना द्यावा लागेल." बाई घरी आल्या, ओला टॉवेल वाळत घातला आणि तशाच गॅलरीत उभ्या राहिल्या. जेवायला बोलावलं तरी हलल्या नाहीत. अण्णांनी ते पाहिलं. नुकतेच निवृत्त झालेले अण्णा दुसऱ्याच दिवशी वेबसाइट बनवायला शिकू लागले.

माझं पहिलं रूप आठवलं की मला अजून लाज वाटते. पडदाभर निळ्या लाटा हलत होत्या. त्यावर पिवळी अक्षरं. मधोमध तरुणपणीच्या बाईंचा फोटो, उंच फळीवरून पाण्यात सूर मारतानाचा. मग त्यांची सगळी पदकं. अण्णांना बायकोचं फार कौतुक होतं, आणि ते सगळं त्यांनी माझ्यात कोंबलं होतं.

मला पाहायला अण्णांच्या मोठ्या बहीण, ताई, आल्या. अण्णा म्हणाले, "ताई, समज तुला वर्गात नाव घालायचंय. फोन नंबर शोध बघू."

ताईंनी चष्मा वर केला, खाली केला. माझ्यात बराच वेळ चाचपडल्या. शेवटी म्हणाल्या, "अरे, आधी हे पाणी हलायचं थांबव. मला बोट लागल्यासारखं व्हायला लागलंय!"

अण्णा हिरमुसले. पण ताई गेल्यावर ते माझ्यासमोर बसून राहिले. सूर मारणाऱ्या बाईंच्या त्या फोटोकडे नीट पाहिलं आणि नकळत खुर्ची मागे सरकवली. त्यांनी बाईंना हाक मारली.

"अगं, तुझ्या वर्गात कोण येणार? माझ्यासारखाच घाबरट ना? मग हा फोटो बघून तो येईल की पळेल?"

बाई हसून म्हणाल्या, "अहो, मग त्या घाबरटालाच विचारा ना, त्याला काय बघायचंय!"

अण्णांनी मला बाजूला ठेवलं आणि कोरा कागद घेतला. मित्रांनो, वेबसाइट आधी कागदावर जन्मते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी पेन्सिलीने चौकोन काढले, खोडले, पुन्हा काढले. घाबरलेला माणूस इथे येईल तेव्हा त्याच्या मनात पहिला प्रश्न कोणता असेल? पाणी किती खोल आहे. मग तेच सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: 'पाणी कमरेइतकंच आहे.' त्याखाली वर्गाची वेळ, पत्ता आणि फोन नंबर. लाटा गेल्या, पिवळी अक्षरं गेली, पदकंही गेली. फोटो एकच राहिला, उथळ पाण्यात उभ्या असलेल्या बाईंचा, हात पुढे केलेला.

एक पान मात्र कोरंच राहत होतं. त्याचं नाव होतं 'पहिला दिवस'. तिथे काय लिहायचं ते अण्णांना सुचेना. "जे मी केलं नाही ते कसं लिहू?" असं ते पुटपुटत राहिले. आणि एका दुपारी संगणक तसाच चालू ठेवून बाईंबरोबर निघून गेले.

परत आले तेव्हा त्यांचे केस ओले होते. कपडे न बदलताच ते टाइप करायला बसले. 'पायऱ्या उतरताना मी प्रत्येक पायरीवर थांबलो. पाणी गार लागलं, मग लागेनासं झालं. बाईंनी माझा हात धरला होता. मी सोडा म्हणेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही, आणि मी सोडा म्हटलंच नाही.'

माणसं येऊ लागली. एक शिंपी आला, मग दोन जावा एकमेकींचा हात धरून आल्या. सगळी आल्या आल्या म्हणायची, "आम्ही ते पहिल्या दिवसाचं वाचलं." दुपारचा तास वाचला. दर महिन्याला अण्णा मला वरपासून खालपर्यंत वाचत. "छापलेल्या पुस्तकातली चूक जन्मभर सलते," ते मला म्हणायचे, "तुझी आत्ताच्या आत्ता काढता येते. केवढं सुख आहे हे!" माझे ते दिवस फार छान गेले.

मग अण्णा आजारी पडले, आणि एका हिवाळ्यात गेले.

बाईंनी काही महिने वर्ग बंद ठेवला. पुन्हा सुरू केला तेव्हा तलाव दुपारी बंद राहू लागला होता, म्हणून त्यांना सकाळची वेळ मिळाली. जुन्या शिष्यांना ते तोंडी कळलं. माझी आठवण कोणालाच झाली नाही. मी इमानेइतबारे दुपारचीच वेळ सांगत राहिले. खोटं बोलत होते, पण मला ते सुधारता येत नव्हतं.

त्याच काळात कुणीतरी मला पुन्हा पुन्हा उघडत होतं. 'पहिला दिवस' शेवटपर्यंत वाचायचं आणि निघून जायचं. चार दिवसांनी परत यायचं. ती एक परिचारिका होती, हे नंतर समजलं. आणि एका दुपारी अण्णांचा फोन वाजला; माझ्यात नंबर त्यांचाच होता. बाई तो अजून चार्ज करून ठेवत असत.

"मी तलावापाशी आलेय. फाटकाला कुलूप आहे," पलीकडून आवाज आला. "वेळ बरोबर आहे ना?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "अहो, वर्ग आता सकाळी असतो."

"असं होय. राहू दे मग. इतके दिवस धीर गोळा करत होते, पुन्हा जमेल असं वाटत नाही."

"तिथेच थांबा," बाई म्हणाल्या. "मी येते."

त्या दोघी बंद फाटकाबाहेरच्या पायरीवर ऊन उतरेपर्यंत बसल्या होत्या, असं बाईंनी संध्याकाळी ताईंना सांगितलं. सांगता सांगता त्या टेबलापाशी आल्या आणि माझ्यावरची धूळ पदराने पुसली. "ताई, हे कसं बदलतात? मी कधी हात लावला नाही याला. हे त्यांचं होतं."

ताई शेजारी बसल्या. दोघींनी मिळून, चुकत माकत, वेळ बदलली आणि अण्णांच्या नंबराच्या जागी बाईंचा घातला. मग बाईंनी 'पहिला दिवस' उघडला. त्यांनी तो आजवर वाचलाच नव्हता. वाचून झाल्यावर त्यांचा हात बराच वेळ पडद्यावर टेकलेला होता. त्या पानातलं एक अक्षरही त्यांनी बदललं नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधी माझ्यासारखी एखादी वेबसाइट बनवाल. तिला नटवण्याआधी तिच्या दाराशी कोण येणार आहे, त्याचा विचार करा. आणि ती बनवून झाली की विसरून जाऊ नका. अधूनमधून उघडून वाचा, तिच्यातलं सगळं अजून खरं आहे का ते पाहा. आम्हाला स्वतःहून खरं बोलता येत नाही. आमच्या भरवशावर कुणीतरी घरातून निघालेलं असतं.

ती परिचारिका दुसऱ्या आठवड्यात सकाळी आली. घरी जाताना तिने बाईंकडे माझ्यात लिहायची परवानगी मागितली, आणि त्या दिवसापासून अण्णांच्या मजकुराखाली तिचे चार शब्द आहेत: 'पहिल्या दिवशी मी पाण्यात उतरलेच नाही. काठावर बसून फक्त पाय बुडवले. बाई शेजारी बसल्या, त्यांनीही फक्त पाय बुडवले.'