कावळ्यासाठी अ‍ॅप

शेवटी कावळा शिवला.

हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ज्यांच्या पिंडाला तो शिवला ते पुंजाबाबा ठणठणीत होते, गुलाबाला पाणी सोडत होते, आणि मी पंचवटीतल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर मोबाइल अ‍ॅप बनवायचा मोफत कोर्स करत होतो.

बॅनरवर 'मोफत' इतकं मोठं लिहिलं होतं की नेमकं काय मोफत आहे ते वाचायला जवळ जावं लागायचं. पहिल्या दिवशी हॉल गच्च भरला. खाली लग्न होतं, त्यामुळे बरेच जण जेवणाच्या समजुतीने आले होते. जेवून जे पुन्हा वर आले, ती आमची बॅच.

शिकवायला मयूर सर होते. मूळचे नांदगावचे, मध्ये पुण्यात नोकरी करून आलेले. त्यांना यूजरचं वेड होतं. डबा उघडला तरी म्हणायचे, "ही भाजी यूजरचा विचार करून केलेली नाही." खाली बँड सुरू झाला की सर थांबायचे, अक्षता पडल्या की पुढचा स्क्रीन. बटण, लेआउट, लॉगिन, सगळं आम्ही मंगलाष्टकांच्या मधल्या जागेत शिकलो. अजूनही कुठे 'सावधान' ऐकलं की मला फाइल सेव्ह करावीशी वाटते.

कोर्सच्या शेवटी प्रत्येक जोडीने एक अ‍ॅप करायचं होतं. अट एकच, आपल्या परिसरातली खरी अडचण सुटली पाहिजे. अर्ध्या वर्गाने कांद्याच्या भावाचं अ‍ॅप घेतलं. उरलेल्यांनी त्या अ‍ॅपमधला भाव खोटा कसा आहे हे सांगणारं अ‍ॅप घेतलं. माझी जोडीदार मनीषा, मखमलाबादची, घरची फुलशेती. ती म्हणाली, "कुंदन, कांदा सोड. गंगेवर चल. तिथं कायम कोणीतरी अडचणीत असतं."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगेवर जाणं म्हणजे बहुतेक वेळा कुणाचा तरी दहावा. आम्ही गेलो तेव्हा एक अख्खं कुटुंब उन्हात उभं होतं. पुढे भाताचा पिंड, त्याच्यापुढे कोणीच नाही. कावळा शिवल्याशिवाय हलायचं नाही, आणि कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, हे सगळ्यांना पाठ. एका पाहुण्याची सटाण्याची एसटी सुटत होती. तो झाडावरच्या कावळ्याकडे आणि घड्याळाकडे आलटून पालटून बघत होता, आणि दोघंही त्याच्याकडे लक्ष देत नव्हते.

"एवढी माणसं लाइनीत, आणि समोर एक पण नाय," मनीषा म्हणाली. "सर्व्हर डाउन."

अशी आमची कल्पना निघाली. एक काळा स्क्रीन, मधोमध एक बटण, त्यावर 'बोलवा'. दाबलं की कावळ्याची हाक.

सरांनी नाक मुरडलं नाही. ते म्हणाले, "छान. पण यूजर कोण?"

"ज्यांच्या घरचं कोणी गेलंय ते," मी म्हणालो.

"चूक. त्यांनी बटण दाबायचं, पण प्रतिसाद कोण देतंय?"

"कावळा," मनीषा म्हणाली.

"मग त्याचं वर्णन लिहा. वय, गरज, अडचण."

आम्ही लिहिलं. नाव: कावळा. वय: सांगत नाही. गरज: भात. अडचण: सगळे बघत असतात. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी वर्गात वाचून दाखवलं. मागून कोणीतरी विचारलं, गेलेल्या माणसाला लॉगिन द्यायचं का. सर म्हणाले, "ते पुढच्या लेव्हलच्या कोर्सला आहे."

पहिली हाक मी स्वतःच्या आवाजात केली. तिला एक कुत्रा आला. मग आम्ही एका फरसाणवाल्याच्या मागे सांडलेल्या शेवेवरून कावळ्यांची भांडणं लागली होती, ती रेकॉर्ड केली. तिला मात्र अख्ख्या आळीतले कावळे आले. पुढचे कितीतरी दिवस आम्ही गंगेवर जाऊन चाचणी घेत होतो. दर वेळी भात कुठून आणणार, म्हणून नुसतंच बटण दाबायचो. कावळे यायचे, इकडे तिकडे बघायचे, मग आमच्याकडे बघायचे. आम्ही मान हलवून 'झालं' म्हणायचो. ते जायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

मनीषाने घरी अ‍ॅप दाखवलं त्या दिवशी मीही मखमलाबादला होतो. ओट्यावर तिचे आजोबा पुंजाबाबा, तिचे वडील गेणूकाका आणि तिची आत्या वत्सलाबाई गुलाबाच्या जुड्या बांधत होते. म्हणजे आत्या बांधत होती, दोघं बसले होते. पुंजाबाबांनी बटण दाबलं. शेवग्यावर कावळे उतरले. बाबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"माझ्या टायमाला हे वाजवू नका बरं," ते म्हणाले. "मी माझ्या मर्जीनं यीन. आन् पाटाकडचा गुलाब वत्सलाचा, हे गेणू सगळ्यांम्होरं बोलल्याबिगर तर यायचाच नाय."

"बोलू की बाबा," गेणूकाका म्हणाले. "काय घाई हाय?"

"घाई त्यांना नाय, मला हाय," आत्या म्हणाली.

इथे घरातली गोष्ट सांगायला हवी. आत्या सासर सोडून परत आली तेव्हा मनीषा पाळण्यात होती. पाटाकडचा तुकडा तेव्हा नुसता बाभळीचा होता. बाभळी आत्याने काढल्या, गुलाब आत्याने लावला, पहाटे तोडून फूलबाजारात नेणारीही आत्याच. आणि आता बाबांच्या माघारी तिने हक्कसोड पत्रावर सही करून तो तुकडा भावाला द्यायचा, असं घरात ठरल्यासारखं होतं. म्हणजे आत्या आणि बाबा सोडून सगळ्यांचं ठरलं होतं.

गेणूकाका दुष्ट नव्हते. त्यांना फक्त वाक्य पुरं करायची सवय नव्हती. 'बघू', 'करू', 'तसं काय नाय', एवढ्यावर त्यांनी एक लग्न, दोन निवडणुका आणि सोसायटीच्या कर्जाची सगळी वसुली निभावली होती. पण पिंडापुढे, भाऊबंदांच्या देखत, उन्हात उभं केलं की भलेभले वाक्य पुरं करतात. आत्याची सगळी भिस्त त्या एका उन्हावर होती.

दसऱ्याचा झेंडू विकून झाला आणि पुंजाबाबा झोपेतच गेले. गाव म्हणालं, बागाईतदार माणूस, हंगाम बघून गेला.

चार दिवसांनी मनीषाचा फोन आला. "कुंदन, गडबड झालीय. पप्पांनी माझ्या मोबाइलवरून अ‍ॅप घेतलं."

"मग चांगलंय ना. पहिला खरा यूजर."

"अरे येड्या, दहाव्याला वाजवणारेत! म्हणतात, पोरी, तुझा कोर्स फुकट गेला नाय. पिंड ठेवला की बटण दाबणार, कावळा लगेच येणार, कोणी काय बोलायच्या आत घरी. मग आत्याचं काय?"

तेव्हा मला आमच्या अ‍ॅपमधला दोष कळला. आम्ही लोकांचं ताटकळणं वाचवत होतो, आणि ताटकळणं हीच तर मुख्य सोय होती.

त्याच दुपारी आम्ही दुसरी आवृत्ती केली. दिसायला तशीच. 'बोलवा' दाबलं की आवाज काहीच नाही, फक्त एक चक्र फिरत राहायचं. मनीषाने ती वडिलांना पाठवली आणि लिहिलं, 'नवीन आहे, यात आवाज जास्त लांब जातो.' त्यांनी अंगठा पाठवला. आम्ही निर्धास्त झालो.

दहाव्याला गंगेवर चांगली गर्दी जमली. गुरुजींनी पिंड ठेवला आणि सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं. मी पार पायऱ्यांवर, पोरांच्या घोळक्यात. तिथून खिशातला मोबाइल ऐकू येणं शक्य नव्हतं, आणि गंगेवर कुठेही काव-काव झाली तरी कोणी वळून बघत नाही. गेणूकाका हात जोडून उभे राहिले. मग एक हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. भिंतीवर सात-आठ कावळे होते. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोन सोडून सगळे उडून पलीकडच्या काठाला गेले.

'फिरतंय चक्र,' मी मनात म्हणालो.

काकांनी पुन्हा दाबलं. उरलेले दोनही गेले. थोड्या वेळाने गोटीराम पुढे झाले. हे गेणूकाकांचे चुलत भाऊ. स्वतःच्या घरी ते बोलत नाहीत, पण दुसऱ्याच्या दहाव्याला त्यांना कंठ फुटतो.

"गेणू, बाबांच्या मनात काय तरी राह्यलंय. बोल."

"बाबा, समदं नीट करू," गेणूकाका पिंडाला म्हणाले.

कावळा नाही.

"नीट म्हंजी काय नीट? उलगडून सांग," गोटीराम.

"ताईला सांभाळू."

"मी काय वासरू हाय का सांभाळायला?" मागून आत्या. बायका पदराआड हसल्या.

"पाटाकडच्या गुलाबाचं... बघू."

एक कावळा झाडावरून उतरून भिंतीवर बसला होता. 'बघू' ऐकून तो पुन्हा झाडावर गेला. हे मी रंगवून सांगत नाही, एसटी पकडायला निघालेल्या दोन पाहुण्यांनीही ते पाहिलं आणि ते परत फिरले. गर्दीत कुजबुज वाढली. ऊन काकांच्या टाळूवर आलं. त्यांनी एकदा भाऊबंदांकडे बघितलं, एकदा बहिणीकडे, आणि जन्मात पहिल्यांदा एका दमात म्हणाले,

"पाटाकडचा गुलाब ताईचा! हक्कसोड बिकसोड काय नाय!"

तो कावळा खाली आला. पिंडापासून हातभर अंतरावर बसला, मान तिरकी केली. आता झालंच होतं. पण गेणूकाकांना घाई झाली, आणि त्यांनी त्याला आणखी जवळ यावं म्हणून बटण दाबलं.

कावळा भुर्रकन उडाला.

"आजून काय तरी राह्यलं," गोटीराम गंभीरपणे म्हणाले.

"विहिरीचं पाणी बी! अर्धं!" काका ओरडले आणि बटण दाबलं. झाडावर होते तेही गेले.

"आजून हाय."

"आन् बाजारात फुलं न्यायला इलेक्ट्रिक स्कूटर!"

भाऊबंद एकमेकांकडे बघायला लागले. पुंजाबाबा हयातीत सायकलवरही बसले नव्हते. "बाबांच्या मनात स्कूटर?" कोणीतरी विचारलं. "आसंल," गोटीराम म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाचं काय सांगावं."

काकांचा हात पुन्हा खिशाकडे निघाला. तेवढ्यात आत्या गर्दीतून सरळ पुढे आली, भावाच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून मोबाइल काढला आणि पदरात गुंडाळला.

"पुरं झालं, गेणू. त्यांना जेवू दे."

पलीकडच्या काठावरून एक कावळा निघाला. घाई नाही, गडबड नाही. उतरला, दोन पावलं चालला आणि भाताला चोच लावली. आत्याने डोळ्याला पदर लावला. मोबाइल पदरातच असल्यामुळे तोही लागला आणि बटण दाबलं गेलं. पण कावळा आता जेवत होता.

त्या पदरातून आलेला आवाज मनीषाने ऐकला. तिने तिथेच मोबाइल उघडून बघितला आणि मला पायऱ्यांवरून खाली ओढलं. आत पहिलीच आवृत्ती होती. दुसरी काकांनी घेतलीच नव्हती. सुप्रभातच्या फोटोंनी मोबाइल इतका भरला होता की जागाच नव्हती. म्हणजे सकाळपासून हाकच वाजत होती, चक्र फिरतच नव्हतं.

"मग कावळे पळाले कशाला?" दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठून विचारलं.

"किती दिवस चाचणी घेतलीत?"

"बरेच."

"भात किती वेळा ठेवलात?"

मनीषाने माझ्याकडे बोट दाखवलं, मी तिच्याकडे.

"बिनभाताची नोटिफिकेशन," सर हळहळून म्हणाले. "यूजरने तुम्हाला ब्लॉक केलं."

"आणि बाबा म्हणाले होते मी माझ्या मर्जीनं यीन, त्याचं काय?" मनीषाने विचारलं.

"तेही यूजरच," सर म्हणाले.

गुलाबाचा शब्द गेणूकाकांनी पाळला. इतक्या भाऊबंदांसमोर बोललेलं मोडायचं तर त्याहून मोठी गर्दी जमवावी लागते. हक्कसोड पत्राचा विषय निघत नाही, विहिरीचं पाणीही आत्या दिवसाआड घेते. वाद राहिला तो स्कूटरचा. काकांचं म्हणणं, कावळा गुलाबालाच पटला होता, पुढचं सगळं नेटवर्कच्या चुकीमुळे झालं. आत्याचं म्हणणं, रंग लाल पाहिजे. शेवटी काकांनी आमच्या अ‍ॅपमधल्या 'अभिप्राय' या रकान्यात दाद मागितली. अ‍ॅपला आजवर आलेला तो एकमेव अभिप्राय खाली जसाच्या तसा देत आहे.

"प्रति, मा. व्यवस्थापक, कावळा अ‍ॅप. विषय: संबंधित कावळ्याचा जबाब नोंदवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, माझे वडील कै. पुंजाबाबा यांच्या दहाव्याचे दिवशी मी एकामागोमाग तीन आश्वासने दिली असून कावळा नेमका कोणत्या आश्वासनास शिवला याबाबत घरात संभ्रम आहे. तरी सदर कावळ्याची ओळख पटवून, त्यास समक्ष पाचारण करून, तो गुलाबास शिवला, पाण्यास शिवला की स्कूटरीस शिवला याचा लेखी जबाब दोन पंचांसमक्ष घेण्यात यावा. कावळा सही करण्यास असमर्थ असल्यास पायाचा ठसा चालेल. आणि जबाब प्राप्त होईपर्यंत स्कूटर खरेदीस स्थगिती देण्यात यावी, ही नम्र विनंती. प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव सविनय सादर: कै. पुंजाबाबा."